बहुपदींचे अवयव पाडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीजगणित शिकणारे आणि मुलांना शिकवू पाहणारे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. चलांसाठी क्ष आणि य, तर सहगुणकांसाठी अ, ब, क वापरले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. अवयव पाडणं म्हणजे नेमकं काय करायचं?

बेरीज-वजाबाकीच्या रूपातली राशी गुणाकाराच्या रूपात लिहायची. ३० = २ × ३ × ५ लिहितो, तसंच क्ष² + ५क्ष + ६ = (क्ष + २)(क्ष + ३). राशीची किंमत बदलत नाही, फक्त रूप बदलतं.

क्ष(क्ष + ५) + ६ असं लिहून थांबणारे बरेच असतात. हे अवयव नव्हेत. क्ष ची किंमत घालून ही राशी सोडवायला घ्या आणि सगळ्यात शेवटी कोणती क्रिया करता ते बघा. इथे शेवटी ६ मिळवावे लागतात, म्हणजे ही अजून बेरीजच आहे. शेवटची क्रिया गुणाकाराची असेल, तरच अवयव पडले.

२. विस्तार मी चुटकीसरशी करतो, पण अवयव पाडताना अडतो. माझंच असं होतं का?

नाही, सगळ्यांचंच होतं. (क्ष + २)(क्ष + ३) गुणताना चार पदं मिळतात: क्ष², ३क्ष, २क्ष, ६. मग ३क्ष आणि २क्ष एकमेकांत मिसळून ५क्ष होतात आणि दोन वेगळ्या पदांच्या खुणा पुसल्या जातात. अवयव पाडणं म्हणजे त्या पुसलेल्या खुणा शोधणं. गुणाकाराला ठरलेली वाट आहे. शोधाला ती नसते, तिथे अंदाज करावाच लागतो.

अंदाज करणं म्हणजे गणित न येणं, असा समज का रुजला कोण जाणे. इथे प्रत्येक अंदाज गुणून तपासता येतो, त्यामुळे चुकण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

३. याचा उपयोग काय?

मुख्य उपयोग एका साध्या गोष्टीत आहे: गुणाकार शून्य असेल तर त्यातली निदान एक संख्या शून्य असतेच. बेरीज शून्य असल्यावर असं काहीच सांगता येत नाही. म्हणून क्ष² + ५क्ष + ६ = ० कडे नुसतं बघून काही कळत नाही, पण (क्ष + २)(क्ष + ३) = ० म्हटलं की −२ आणि −३ समोर दिसतात. शिवाय अपूर्णांकांना संक्षिप्त रूप देता येतं, आणि ८९९ = ३०² − १² = २९ × ३१ असली तोंडी गणितंही सुटतात.

४. समोर राशी आली की सुरुवात कुठून करू?

सगळ्या पदांत सामाईक काय आहे, ते आधी बाहेर काढा. ६क्ष³ − २४क्ष मध्ये ६क्ष सामाईक आहे. तो काढला की ६क्ष(क्ष² − ४) उरतं, म्हणजे ६क्ष(क्ष − २)(क्ष + २). ही पायरी गाळली तर घनाची राशी बघून माणूस उगाच घनांची सूत्रं शोधत बसतो.

पहिलं पद ऋण असेल तर −१ सुद्धा बाहेर काढा. −क्ष² + क्ष + १२ पेक्षा −(क्ष² − क्ष − १२) हाताळायला सोपं जातं. आणि क्ष² + क्ष = क्ष(क्ष + १) मधला १ विसरू नका. क्ष बाहेर गेला तरी त्याच्या जागी काहीतरी उरतंच, आणि ते १ असतं, शून्य नव्हे.

५. क्ष² + २क्ष − ४८ मध्ये चिन्हं कशी ठरवायची? मी नेहमी उलटी लावते.

चिन्हांचा नियम पाठ करू नका, तो वाचून काढा. गुणाकार −४८ हवा, म्हणजे एक संख्या धन आणि एक ऋण. बेरीज +२ हवी, म्हणजे मोठी संख्या धन. आता ४८ च्या अशा जोड्या बघा ज्यांत २ चा फरक आहे: ८ आणि ६. म्हणून (क्ष + ८)(क्ष − ६).

शेवटचं पद धन असेल तर दोन्ही संख्यांची चिन्हं सारखी असतात आणि ती मधल्या पदाप्रमाणे असतात. क्ष² − १४क्ष + ४८ म्हणजे (क्ष − ६)(क्ष − ८).

६. क्ष² चा सहगुणक १ नसेल तर "पहिला गुणिले शेवटचा" का करतात? रीत जमते, कारण कळत नाही.

आधी रीत. ६क्ष² − ७क्ष − २० मध्ये ६ × (−२०) = −१२०. गुणाकार −१२० आणि बेरीज −७ देणारी जोडी −१५ आणि ८. मधलं पद फोडू:

६क्ष² − १५क्ष + ८क्ष − २०
= ३क्ष(२क्ष − ५) + ४(२क्ष − ५)
= (२क्ष − ५)(३क्ष + ४)

आता कारण. हे दोन कंस उलट गुणून बघा. मधली दोन पदं येतात २ × ४ = ८ आणि −५ × ३ = −१५ यांतून. या दोघांचा गुणाकार म्हणजे २ × ४ × (−५) × ३. त्याच चार संख्या वेगळ्या जोड्यांनी गुणल्या, (२ × ३) × (४ × −५), तर ६ × (−२०) होतात. म्हणजे मधल्या दोन तुकड्यांचा गुणाकार हा पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांच्या गुणाकाराएवढा असणारच. प्रश्न २ मध्ये पुसल्या गेलेल्या खुणा म्हटल्या, त्या या जोडीच्या रूपाने परत सापडतात.

−१५क्ष आधी लिहा किंवा ८क्ष, दोन्ही वाटा एकाच उत्तराला जातात. हवं तर करून बघा.

७. जोडी सापडतच नाही. किती वेळ शोधायची? ती नसेलच तर?

शोधायच्या आधीच कळू शकतं. अक्ष² + बक्ष + क मध्ये ब² − ४अक काढा, यालाच विवेचक म्हणतात. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग असेल, तर पूर्णांकी सहगुणकांचे अवयव पडतात. नसेल तर पडत नाहीत, मग शोधत बसू नका.

वरच्या उदाहरणात ४९ + ४८० = ५२९ = २३². आणि क्ष² + ५क्ष + ७ मध्ये २५ − २८ = −३, म्हणजे विषय संपला.

विवेचक जोडी आहे की नाही एवढंच सांगतो असं नाही, तो जोडी हातात देतो. ती जोडी म्हणजे ब मध्ये विवेचकाचं वर्गमूळ एकदा मिळवून आणि एकदा वजा करून आलेल्या संख्यांची निम्मी. (−७ + २३) ÷ २ = ८ आणि (−७ − २३) ÷ २ = −१५. क्ष² − ६क्ष − १५९१ सारख्या राशीत १५९१ च्या जोड्या तोंडी सुचणं कठीण. पण विवेचक ३६ + ६३६४ = ६४०० = ८०², म्हणून जोडी ३७ आणि −४३, आणि अवयव (क्ष + ३७)(क्ष − ४३).

हे का चालतं? राशीला ४अ ने गुणलं की ती (२अक्ष + ब)² − (ब² − ४अक) अशी लिहिता येते. विवेचक पूर्ण वर्ग असेल, तर हा सरळ दोन वर्गांचा फरक झाला. ४अ ने गुणण्याची ही युक्ती श्रीधराचार्यांची. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ती त्यांच्या नावानिशी दिली आहे. अपूर्णांक न येता वर्ग पूर्ण होतो, हे तिचं सौंदर्य.

८. अ² − ब² चे अवयव पडतात, मग अ² + ब² चे का नाही?

क्ष² + ९ घ्या. त्याला (क्ष − म) असा अवयव असता, तर क्ष = म ठेवल्यावर राशी शून्य झाली असती. पण वास्तव संख्येचा वर्ग कधी ऋण नसतो, त्यामुळे ही राशी ९ च्या खाली जातच नाही. (क्ष + ३)² हे उत्तर तर चूकच, त्यात ६क्ष जास्त येतात.

मात्र "वर्गांच्या बेरजेचे अवयव कधीच पडत नाहीत" हे वाक्य पाठ करू नका, ते खोटं आहे. क्ष⁴ + ४ हीसुद्धा वर्गांचीच बेरीज: (क्ष²)² + २². त्यात ४क्ष² मिळवा आणि वजा करा:

क्ष⁴ + ४क्ष² + ४ − ४क्ष²
= (क्ष² + २)² − (२क्ष)²
= (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २)

फ्रेंच गणिती सोफी जर्मेन यांच्या नावाने ही नित्यसमानता ओळखली जाते. क्ष = १० घातलं तर १०००४ = १२२ × ८२. क्ष ही १ पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या घ्या, क्ष⁴ + ४ ही कधीच मूळ संख्या नसते, कारण दोन्ही कंस १ पेक्षा मोठे राहतात.

९. घनांच्या सूत्रांत चिन्हांचा गोंधळ होतो. लक्षात ठेवायची काही युक्ती?

पहिला कंस स्वतः शोधा. अ³ + ब³ मध्ये अ = −ब ठेवलं की शून्य येतं, म्हणून (अ + ब) हा अवयव. अ³ − ब³ ला शून्य करायला अ = ब लागतं, म्हणून (अ − ब). दुसरा कंस भागाकाराने येतो:

अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²)
अ³ − ब³ = (अ − ब)(अ² + अब + ब²)

दुसऱ्या कंसात अब आहे, २अब नाही. त्याला पूर्ण वर्ग समजून पुढे फोडायला जाणारे दर वेळी भेटतात. विवेचक काढला तर −३ब² येतो, म्हणजे तो कंस तिथेच थांबतो.

हार्डी आणि रामानुजन यांच्या गोष्टीतली १७२९ ही संख्या यावर छान बसते. १२³ + १³ = १३ × १३३ आणि १०³ + ९³ = १९ × ९१. एकाच संख्येचे दोन वेगळे गुणाकार सूत्राने फुकट मिळाले, आणि त्यांतून १७२९ = ७ × १३ × १९ हे उघड झालं.

१०. चार पदं असली की दोन-दोनचे गट करायचे ना?

बहुतेक वेळा. क्ष³ − ३क्ष² − ४क्ष + १२ = क्ष²(क्ष − ३) − ४(क्ष − ३) = (क्ष − ३)(क्ष − २)(क्ष + २). इथे −४ बाहेर काढताना +१२ चं −३ होतं. (क्ष + ३) लिहिलं की दोन कंस जुळत नाहीत आणि मग गणिताला दोष दिला जातो.

काही वेळा तीन-एक असा गट लागतो: क्ष² + ६क्ष + ९ − य² = (क्ष + ३)² − य² = (क्ष + ३ − य)(क्ष + ३ + य). चार पदांत तीन वर्ग दिसले, तर आधी हे तपासा.

११. गटही पडत नाहीत आणि सूत्रही बसत नाही. २क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ चं काय करू?

अवयव सिद्धांत वापरा: क्ष = म ठेवल्यावर बहुपदी शून्य होत असेल, तर (क्ष − म) हा अवयव असतो. अशा म ला बहुपदीचं मूळ म्हणतात. पण म कुठून आणायचा? सहगुणक पूर्णांक असतील तर परिमेय मुळाचा अंश स्थिरपदाला भागतो आणि छेद पहिल्या सहगुणकाला. इथे अंश १, २, ३, ६ पैकी आणि छेद १ किंवा २. एवढेच उमेदवार, धन आणि ऋण धरून.

क्ष = ३ ठेवलं: ५४ − २७ − ३३ + ६ = ०. म्हणून (क्ष − ३) ने भागा. उरतं २क्ष² + ३क्ष − २, त्याचे (२क्ष − १)(क्ष + २). पूर्ण उत्तर (क्ष − ३)(२क्ष − १)(क्ष + २).

आधी १ आणि −१ तपासा, त्याला वेळ लागत नाही. सगळ्या सहगुणकांची बेरीज शून्य असेल तर (क्ष − १) अवयव आहे. सम घातांच्या आणि विषम घातांच्या सहगुणकांच्या बेरजा सारख्या असतील तर (क्ष + १). संश्लेषक भागाकार (म्हणजे नुसते सहगुणक मांडून केलेला भागाकार) करताना मधला एखादा घात नसेल तर त्याच्या जागी ० लिहा. क्ष³ − ७क्ष + ६ चे सहगुणक १, ०, −७, ६ आहेत. तो शून्य गाळल्यामुळे बिघडलेली गणितं मी मोजायचं सोडून दिलंय.

१२. एकही उमेदवार चालला नाही. म्हणजे अवयव पडतच नाहीत, बरोबर?

दोन आणि तीन घातांपर्यंत बरोबर. घनाची बहुपदी फुटली तर तिचा एक तुकडा एकघाती असतोच, आणि एकघाती तुकडा म्हणजे एक मूळ.

चार घातांपासून हा तर्क कोसळतो. क्ष⁴ + क्ष² + १ ला एकही वास्तव मूळ नाही, तरी (क्ष² + १)² − क्ष² लिहिलं की (क्ष² + क्ष + १)(क्ष² − क्ष + १) मिळतात. युक्ती प्रश्न ८ मधलीच. मुळं नसली तरी दोन द्विघाती तुकडे असू शकतात.

"पडत नाहीत" हे ठामपणे सांगायची एक सोपी कसोटी आयझेनस्टाईन यांनी १८५० मध्ये दिली. क्ष⁵ − ४क्ष + २ पाहा. पहिला सोडून बाकी सगळ्या सहगुणकांना २ ने भाग जातो, पहिल्याला जात नाही, आणि स्थिरपदाला २² म्हणजे ४ ने भाग जात नाही. एवढ्यावरून कळतं की परिमेय सहगुणक घेऊन ही फुटणार नाही. २ च्या जागी कोणतीही मूळ संख्या चालते. कसोटी लागू पडली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

१३. मग क्ष² − २ चे अवयव पडतात की नाही? एक जण हो म्हणतो, एक जण नाही.

दोघंही बरोबर, कारण प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या संख्या वापरायची मुभा आहे ते आधी ठरवावं लागतं. पूर्णांक किंवा परिमेय संख्याच चालणार असतील तर पडत नाहीत. वास्तव संख्या चालत असतील तर (क्ष − √२)(क्ष + √२). क्ष² + १ साठी त्याही पुढे जाऊन संमिश्र संख्या लागतात. नुसतं "अवयव पाडा" म्हटलं असेल, तर साधारणपणे पूर्णांकी सहगुणक अपेक्षित असतात.

यात मोठेही फसले आहेत. क्ष⁴ + १ सारख्या राशी दोन वास्तव द्विघाती अवयवांत फुटत नाहीत, असं लायब्निझ यांनी १७०२ मध्ये लिहिलं. पण २क्ष² मिळवून वजा करा: (क्ष² + १)² − २क्ष², म्हणजे (क्ष² + √२·क्ष + १)(क्ष² − √२·क्ष + १). वास्तव सहगुणकांची कोणतीही बहुपदी एकघाती आणि द्विघाती वास्तव अवयवांत फुटतेच, हा गाउस यांच्या १७९९ च्या प्रबंधाचा विषय होता.

१४. क्ष⁶ − १ हा वर्गांचा फरक धरू की घनांचा?

आधी वर्गांचा. (क्ष³ − १)(क्ष³ + १) लिहून प्रश्न ९ ची सूत्रं लावली की चार अवयव सरळ मिळतात: (क्ष − १)(क्ष² + क्ष + १)(क्ष + १)(क्ष² − क्ष + १). घनांनी सुरुवात केली तर (क्ष² − १)(क्ष⁴ + क्ष² + १) वर येऊन अनेक जण थांबतात. तिथून पुढची वाट प्रश्न १२ मध्ये आहे.

थोडं विषयांतर. क्ष² − १, क्ष³ − १, क्ष⁴ − १ असे पूर्णांकी अवयव पाडत गेलात तर सहगुणक ०, १ आणि −१ एवढेच दिसतात. वाटतं, हा नियमच असणार. क्ष¹⁰⁴ − १ पर्यंत तो टिकतो. क्ष¹⁰⁵ − १ च्या एका अवयवात −२ उगवतो.

१५. माझं उत्तर छापील उत्तराशी जुळत नाही. चुकलं का?

कदाचित नाही. (२ − क्ष)(३ − क्ष) आणि (क्ष − २)(क्ष − ३) एकच आहेत, दोन्ही कंसांतून −१ काढून बघा. कंसांचा क्रमही बिनमहत्त्वाचा. पण (२क्ष − ४)(क्ष + १) लिहिलं असेल तर काम अर्धवट आहे, पहिल्या कंसातून २ बाहेर यायला हवा.

१६. ½क्ष² + ½क्ष − ३ ला २ ने गुणून (क्ष + ३)(क्ष − २) उत्तर लिहिलं तर गुण का कापले?

कारण ते दुप्पट राशीचे अवयव आहेत. बरोबर उत्तर ½(क्ष + ३)(क्ष − २). समोर "= ०" असतं तर दोन्ही बाजूंना २ ने गुणता आलं असतं, नुसत्या राशीला दुसरी बाजूच नसते.

समीकरणातही एक खड्डा आहे. क्ष² = ५क्ष ला दोन्हीकडे क्ष ने भागून क्ष = ५ लिहिलं की क्ष = ० ही उकल हरवते. भागू नका; सगळं एका बाजूला आणून क्ष(क्ष − ५) = ० लिहा.

१७. उत्तर बरोबर आहे का, हे पुन्हा पूर्ण विस्तार न करता कसं तपासू?

क्ष = १० ठेवा. क्ष² + ५क्ष + ६ होते १५६, आणि (क्ष + २)(क्ष + ३) होतात १२ × १३ = १५६. प्रश्न ११ ची बहुपदी २००० − ३०० − ११० + ६ = १५९६, आणि तिचे अवयव ७ × १९ × १२ = १५९६.

किंमत जुळली नाही तर उत्तर नक्की चूक. एकदा जुळली तर बहुधा बरोबर, पण योगायोगाने जुळू शकते. खात्रीच हवी असेल तर घातापेक्षा एक जास्त किमती तपासा. त्रिघातीसाठी चार वेगवेगळ्या किमती जुळल्या की शंकेला जागा नाही.

१८. कॉम्प्युटर हे कसं करतो? तोही जोड्या शोधत बसतो का?

नाही. तो आधी एखादी मूळ संख्या निवडतो आणि सहगुणकांच्या जागी तिने भागून उरणारी बाकी घेतो. या बाक्यांच्या जगात अवयव पाडायची कार्यक्षम रीत बर्लेकॅम्प यांनी १९६७ मध्ये दिली. मग ते तुकडे जोडून मूळच्या बहुपदीचे अवयव बनवायचे. अडचण या जोडणीत आहे. आपली क्ष⁴ + १ च बघा: कोणतीही मूळ संख्या घ्या, बाक्यांच्या जगात ती फुटते, पण पूर्णांकांत फुटत नाही. अशा फसव्या तुकड्यांमुळे कोणते तुकडे एकत्र जुळतात हे पाहायला असंख्य जोडण्या तपासाव्या लागायच्या. १९८२ मध्ये आर्येन लेन्स्ट्रा, हेन्ड्रिक लेन्स्ट्रा आणि लास्लो लोवास यांनी त्यावर मार्ग काढला, आणि परिमेय सहगुणकांच्या बहुपदींसाठी सिद्धतेसह वेगवान रीत मिळाली. मोठ्या पूर्णांकांचे अवयव पाडायला नेहमीच्या कॉम्प्युटरवर चालणारी तशी रीत अजून कोणालाही सापडलेली नाही.